बदाम, सुपारी आणि रिकामी जागा

"आई-बापाचं सांगा, लेकराचं मी सांगतो."

हे म्हणायच्या आधीच सरांनी तुमचं बोट धरलेलं असायचं. डाव्या हाताचं, अंगठीचं. टोक दाबायचे, ते पांढरं पडलं की सोडायचे आणि परत येणारी लाली अशी बघायचे, जणू कालव्याला पाणी सुटलंय. "आलं," म्हणायचे. मग मान वर करून विचारायचे, "गट कोणता?"

दुसरी माणसं जेवण झालं का विचारतात, तिकडं पाऊस कसा आहे विचारतात. सर रक्तगट विचारायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला बघून लोक रस्ता बदलतात आणि जो नसला तर बारसं-बिरसं काही रंगत नाही. नांदेडला आमच्या गल्लीत ते सर होते. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही रिटायर झालं नाही. कॉलेजातली पोरं सुटली आणि आम्ही सापडलो.

मूळचे देवणीचे. तिथल्या गाई-बैलांचं नाव सगळीकडं आहे. सर सांगायचे, "माझे वडील वळू बघून वासराचा रंग सांगायचे. पांढरं का ठिपक्यांचं. लोक पैज लावायचे. मी फक्त जनावरावरून माणसावर आलो." आम्ही म्हणायचो, सर, फार लांब काही आला नाहीत. ते हसायचे आणि पुढच्या माणसाचं बोट धरायचे.

मी सुईला भितो. एकदा गल्लीतल्या रक्तदान शिबिरात सुई टोचायच्या आधीच, नुसत्या कापसाच्या वासानं, मी खुर्चीवरून घसरलो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा सर माझं बोट धरून गर्दीला सांगत होते, "काळजी नको. यांचा गट भित्रा पॉझिटिव्ह." पुढं वर्षभर गल्लीत तेच माझं नाव होतं.

गल्लीतल्या प्रत्येक गाडीवर सरांनी लाल रंगानं मालकाचा गट लिहून दिला होता. माझ्या स्कूटरवर बी प्लस, किराणावाल्या अप्पांच्या मोपेडवर ए प्लस. "अपघात झाला तर डॉक्टरचा वेळ वाचतो," असं म्हणत ब्रश फिरवायचे. सकाळी सकाळी कामाला निघालेल्या माणसाला कुणी अपघाताचं बोलत नसतंय, पण सरांना कोण सांगणार.

त्यांचा खरा दरबार भरायचा तो बारशाला. बाळ पाळण्यात पडलं, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, की कुणीतरी ओटीचं ताट सरांपुढं सरकवायचं. सर त्यातला बदाम उचलायचे. "हा ए." मग सुपारी. "ही बी. आणि ओ म्हणजे रिकामी जागा. तिथं काही ठेवायचं नसतंय."

मग समजावून सांगायचे. प्रत्येकाच्या खिशात दोन जागा. एक आईनं भरलेली, एक बापानं. लेकराला देताना त्या दोनातलं एकच द्यायचं, आणि कोणतं द्यायचं ते आपल्या हातात नसतंय. दोघांनी रिकामी जागा दिली तर लेकरू ओ. एकानं बदाम दिला आणि दुसऱ्यानं रिकामी जागा, तर बदामच दिसणार, म्हणजे ए. बदाम आणि सुपारी दोन्ही आले तर दोन्ही दिसणार, एबी. "पण आईच्याही खिशात नाही आणि बापाच्याही खिशात नाही, असं लेकराच्या खिशात येणार कुठून? रक्त लपत नसतंय. काय समजलं?"

"समजलं," असं पाळण्याभोवतीच्या बाया एका सुरात म्हणायच्या. आणि खरंच समजलं होतं. आमच्या गल्लीत दहावी नापास झालेल्या माणसालाही हे गणित तोंडपाठ होतं.

आमचं घर मात्र सरांना आवडायचं नाही. मी बी, आमची ही ए, आणि दोघांच्याही खिशात एकेक जागा रिकामी. आमच्या लेकरांचा गट चारातला कोणताही येऊ शकतो. "तुमच्या घरी काय मजा," सर तोंड वाकडं करायचे. "तिथं काही सांगितलं तरी बरोबर."

सरांच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला मीही गेलो होतो. देगलूरच्या पलीकडं, तेलंगणाची हद्द जिथं पावलावर आहे तिथलं गाव. मुलगा लातूरला क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायचा. मुलगी बी.कॉम. झालेली, हसरी. पोहे आले, चहा आला आणि सरांनी मुलीच्या वडिलांचं बोट धरलं.

"तुमचं लग्न नात्यातलं का?"

"हाव. बहिणीचीच लेक केलो की मी," ते अभिमानानं म्हणाले. त्या बाजूला मामानं भाचीशी लग्न करणं नवलाचं नाही. उलट घर घरात राहिलं म्हणून कौतुक असतं.

सरांनी तिथंच तास सुरू केला. जवळच्या नात्यात खिशात काय लपलंय ते सांगता येत नाही, दोन्हीकडून तेच लपलेलं आलं तर लेकरात काहीतरी भलतंच निघतंय, वगैरे. मुलीचा भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, "सर, पोरगी बघायला आलाव का रक्त बघायला?"

सगळे हसले. सरही हसले. मग मुलीनं स्वतःच बोट पुढं केलं. "ओ पॉझिटिव्ह. कॉलेजात तपासलेलं हाय."

"माझाच गट," सर एवढे खूश झाले, की हुंड्याचा विषय कुणी काढणार असेल तर त्यानं तो गिळला असावा. "ओ म्हणजे दाता. सगळ्यांना देणारा."

लग्नानंतर ती नांदेडला सरांच्या घरी राहिली. मुलगा शनिवारी लातूरहून यायचा. तिनं घरात पाऊल टाकलं आणि सरांना पहिल्यांदा कुणीतरी बरोबरीचं भेटलं. सरांनी तिचं बोट धरलं की ती उलटं सरांचं धरायची. सरांची करंगळी वाकडी होती, टोकाशी आत वळलेली.

"मामा, ही अशी का?" सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"घराण्याची हाय. माझ्या वडिलांची होती, तुझ्या नवऱ्याची हाय."

"मंग देताना सरळ करून द्यायची की."

सर खो खो हसायचे. तिच्या नव्या स्कूटीची पूजा झाल्यावर सरांनी डबा-ब्रश आणला आणि पुढच्या बाजूला, सगळ्यात मोठ्या अक्षरात, ओ प्लस लिहिलं. गल्लीत दुसऱ्या कुणासाठी एवढं मोठं अक्षर काढलं नव्हतं. हळदीकुंकवाच्या बोटांखाली तो लाल गोल उन्हात चमकायचा. तेव्हा आम्हाला तो छान दिसायचा.

बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. सर म्हणाले, तिकडं दवाखान्याची सोय नाही, इथंच होऊ द्या. मुलगी झाली. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सगळ्यांना बर्फी वाटली. "करंगळी बघितलीत का? थेट आमच्या ह्यांची. एवढीशी हाय पण वाकडीच."

बाळाला थोडी कावीळ झाली, म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि रक्त तपासलं. मी डबा घेऊन गेलो होतो, त्यामुळे तिथंच होतो. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "बाळाचा बी पॉझिटिव्ह."

सर हसले. "सिस्टर, पुन्हा बघा. बाप ए हाय, आई ओ हाय. बाळ ए येईल, नाही तर ओ येईल."

पुन्हा बघितलं. बी. सरांनी सून आणि मुलगा दोघांचंही पुन्हा तपासायला लावलं. ती ओ, तो ए. सर बाकड्यावर बसले. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही," आणि स्वतःचंच बोट दाबत बसले. दाबायचे, सोडायचे. यावेळी "आलं" म्हणाले नाहीत.

बारसं व्हायला नको होतं असं आज वाटतं. पण बारसं होणारच. दारात मांडव, गल्ली लोटलेली, पाळण्याला झेंडूच्या माळा. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते. नाव ठेवून झालं आणि अप्पांनी सवयीनं ओटीचं ताट उचललं. अप्पा वाईट माणूस नाही. त्यांना फक्त शांत बसता येत नाही.

"सर, आज तर घरचंच गणित हाय. मांडा की."

"आज नको," सर म्हणाले.

"आज नको कसं? आमच्या लेकरांच्या टायमाला बरं जमतंय." अप्पा सुनेकडं वळले. "सूनबाई, तूच सांग गं. बाळाचा गट कोणता?"

ती पाळण्याची दोरी धरून बसली होती. नवी साडी, डोळ्यांत जागरण, आणि चेहऱ्यावर ते बाळंतिणीचं हसू. ती सहज म्हणाली, "बी पॉझिटिव्ह."

मित्रांनो, मी सरकारी कचेरीत नोकरी केली आहे. शांतता मला माहीत आहे. पण त्या मांडवात जी पसरली तशी मी ऐकली नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की सरांचा मुलगा ए, कारण ते त्याच्या मोटारसायकलवर लिहिलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की सून ओ, कारण ते दारातल्या स्कूटीवर लिहिलेलं होतं. आणि सरांनी इतकी वर्षं शिकवलेलं गणित आम्ही सगळ्यांनी एकदमच सोडवलं. बायांचे अंगठे बोटांच्या पेरांवरून फिरले. बापाच्या खिशात बदाम. आईच्या खिशात काहीच नाही. मग सुपारी आली कुठून?

ती एकेकाचं तोंड बघत राहिली. हसू तसंच होतं, फक्त त्यामागचं माणूस हळूहळू निघून गेलं.

सर उठले. ताटाशी आले. आम्हाला वाटलं आता काहीतरी बोलतील, काहीतरी सोडवून दाखवतील. त्यांनी ताटातली सुपारी उचलली, खिशात टाकली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. चहा घेतला नाही. "बी कुठून आला?" एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं परत, "बी कुठून आला?" घरात चोर कोणत्या खिडकीनं आला असं विचारावं तसं.

मी म्हटलं, "दवाखान्यात बाळं बदलली असतील, सर."

मी विनोद केला होता. सरांनी ज्या आशेनं माझ्याकडं बघितलं ती आशा बघून मला विनोद या प्रकाराचीच लाज वाटली. मग तेच म्हणाले, "त्या दिवशी तिथं हे एकच बाळंतपण होतं. मी विचारून आलोय."

"आणि करंगळी, सर? काकू म्हणतात..."

"वाकडी करंगळी हजार जणांची असती. त्याला काय पुरावा म्हणायचं का?" ते ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "रक्त लपत नसतंय."

सर भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. त्यांनी सुनेचं बोट धरणं बंद केलं. तिनं चहा आणला की टेबलाकडं बोट दाखवायचे, तिथं ठेव. बाळ रडलं की पेपर उघडायचे. गल्लीतल्या बाया अप्पांच्या दुकानात साखर घेताना हळू बोलायला लागल्या, आणि ती दुकानात आली की मोठ्यानं. आमची ही रोज घरी येऊन म्हणायची, "त्या घरात काहीतरी होणार." मी म्हणायचो, "काय होणार?" पण जेवताना माझंही लक्ष त्यांच्या दाराकडं असायचं.

शेवटी तीच बोलली. काकूंनी पुढं आमच्या हिला सांगितलं. सर जेवायला बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"मामा, काय हाय ते तोंडानं बोला की."

सर ताटाकडं बघत म्हणाले, "मी काय बोलणार? जे बोलायचं ते रक्तानं बोललंय."

तिनं भावाला फोन केला. तो आला, बाळंतविडा आणि बाळाची झोळी घेऊन तिला पुढं घातलं आणि निघाला. जाताना फाटकाशी थांबून सरांना म्हणाला, "बोट दाखवायला यायचं न्हाई आता आमच्या गावाकडं." स्कूटी दारातच राहिली.

मुलगा बिचारा मधल्यामध्ये. तो बापासारखाच विज्ञानाचा, पण बायकोवर जीव असलेला. त्यानं फोनवर म्हटलं, डीएनए तपासून टाकू, एकदाचा विषय संपेल. ती म्हणाली, "तपासा. मी न्हाई कशाला म्हणू? पण कागद आल्यावर मला न्यायला येऊ नका. ज्याला कागद पाहिजे त्यानं कागदासंगं संसार करावा." त्यानं तपासणी केली नाही. तिला आणायलाही गेला नाही. महिने गेले. सर आता कुणाचंच बोट धरत नव्हते. समोरून आले तर हात मागं बांधलेले. ज्या माणसाला बघून आम्ही रस्ता बदलायचो तो आता आम्हाला बघून बदलायचा.

मग पोराला राहवलं नाही. त्यानं तिला लातूरला बोलावलं. ये, समोरासमोर बोलू, वेगळं बिऱ्हाड करू. ती बाळाला आईजवळ ठेवून भावासोबत काळी-पिवळीनं निघाली. उदगीर सोडल्यावर एका वळणावर ती जीप उलटली. भावाला खरचटलंही नाही. तिची मांडी मोडली, आणि रक्त फार गेलं.

सरांना फोन आला तेव्हा दुपार होती. ते माझ्या दारात आले आणि म्हणाले, "गाडी काढा." मी कार चालवतो तेव्हा शेजारचा माणूस देवाचं नाव घेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी सरांनी देवाचंही नाव घेतलं नाही. अहमदपूरला माझ्या बहिणीचं घर रस्त्यावर आहे. तिथं चहा घेतल्याशिवाय मी कधी पुढं गेलो नाही. त्या दिवशी बहीण फाटकात उभी दिसली, मी हातही केला नाही. अहमदपूर मागं पडल्यावर सर एकदाच बोलले. "रक्ताची काळजी नाही. ती ओ हाय, मी ओ हाय. माझं देऊ."

तिला जिथं हलवलं होतं त्या लातूरच्या दवाखान्यात शिरताच त्यांनी बाही वर केली. भाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. त्यानं सरांकडं बघितलं आणि मान फिरवली. मुलगा धावत आला. म्हणाला, "बाबा, ओच्या पिशव्या आहेत इथं. पण एकही जुळत नाही म्हणतायत."

"जुळत नाही म्हणजे?"

रक्तपेढीतल्या बाई दारात आल्या. त्या दमलेल्या होत्या. "पेशंटच्या रक्तात ओच्या कुठल्याही पिशवीतला थेंब टाकला की गुठळ्या होतायत. तीनदा केलं. हे चढवलं तर पेशंट हातची जाईल."

"माझं घ्या. मी ओ आहे. दाता आहे."

त्यांनी घेतलं, तपासलं आणि परत आल्या. "तुमचंही चालत नाही, आजोबा."

सर तसेच उभे राहिले, एक बाही वर, एक खाली. तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी विचारलं, "पेशंटला मूल आहे का? त्याचा गट काय?"

मुलगा बापाकडं बघत होता, भाऊ जमिनीकडं. शेवटी सरच बोलले. "बी." आवाज त्यांचा वाटला नाही. "बाप ए आहे."

"मग बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"त्या ओ नाहीतच. ओ दिसतात. ए असो की बी, तो रंग लावायला आधी भिंत लागते. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या रक्तात ती भिंत असते, ओवाल्यांच्याही. यांच्यात भिंतच नाही. आईकडूनही आली नाही, बापाकडूनही नाही. खिशात बी आहे, पण दिसणार कशावर? मुलीला भिंत बापाकडून मिळाली, म्हणून आईचा बी तिच्यात दिसला. फार दुर्मिळ असतं हे. बॉम्बे गट म्हणतात. यांना फक्त याच गटाचं रक्त चालतं." मग त्यांनी सहज विचारलं, "बाळाचा गट आला तेव्हाच कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तेव्हाच आईचं नीट तपासायला हवं होतं. ती धोक्याची घंटा होती."

सर बाकड्यावर बसले. मी शेजारी बसलो. ते पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं काही म्हणतायत. कान दिला तर म्हणत होते, "सुपारी होती. ताटच नव्हतं. सुपारी होती."

डॉक्टर सांगत होते की मुंबईला कळवलंय, पण पिशवी येईपर्यंत वेळ लागेल, आणि तेवढा वेळ आहे की नाही सांगता येत नाही. "आई-वडील नात्यातले आहेत का? सख्ख्या भावंडांत मिळायची शक्यता असते."

सर उठले. त्या लांब व्हरांड्यातून चालत ते भावाजवळ गेले आणि त्याच्यासमोर खाली फरशीवर बसले. बाहेर खिडकीतून क्लासेसचे फलक दिसत होते, पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. सरांनी त्याचं बोट धरायला हात पुढं केला, पण धरलं नाही. हात तसाच हवेत राहिला.

"आता आमचं बी रक्त बघायचं का, सर?" भाऊ म्हणाला. "आमच्यात अजून काय खोट निघायची राहिली?"

सरांनी हात जोडले. "खोट माझ्या गणितात होती, बाबा. तुझ्या बहिणीत नव्हती. तू मला मार, पण आधी बोट दे."

आत कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिची चाकं वाजली. मग तो उठला आणि सरांकडं न बघता आत गेला.

त्याच्या रक्ताची तपासणी चालू असताना आम्ही तिघे, सर, मुलगा आणि मी, बाकड्यावर बसून होतो. सर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते, आणि वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहिली होती. मुलाचीही तशीच. मी ते दोन्ही हात बघत होतो आणि मला त्या झोळीतल्या बाळाची करंगळी आठवत होती.

रक्तपेढीच्या बाई आल्या. "भावाचं जुळलं," म्हणाल्या.

त्याच्या एका पिशवीवर तिचं ऑपरेशन झालं. पुढची मुंबईहून आली. ती वाचली. पाय थोडा आखडला, चालताना कळतं. शुद्धीवर आल्यावर सर तिच्या कॉटजवळ गेले, तेव्हा मी दारात होतो. तीच म्हणाली, "मामा, मला एकदा विचारलं असतंत. मी काय सांगितलं असतं ते ठाव न्हाई. पण विचारलं असतंत." मग तोंड भिंतीकडं केलं.

ती परत नांदेडच्या घरी राहायला आली नाही. लातूरलाच नवऱ्याजवळ राहिली. सणाला काकूंना फोन करायची. सर शेजारी बसून ऐकायचे. फोन कानाला लावायला कुणी दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही.

लातूरहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खरडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. सर दारात उकिडवे बसून ब्लेडनं स्कूटीवरचं ओ प्लस खरवडत होते. अक्षर मोठं होतं. रंग चांगल्यापैकी बसलेला होता. मी म्हटलं, "सर, रंगवाल्याकडून करून घेऊ." ते म्हणाले, "नको. मी लिहिलं, मीच काढतो." खाली लोखंड दिसेपर्यंत खरवडलं. तिथं नवा गट लिहिला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या जागी तांबूस गंज धरला.

नंतर त्यांनी गल्लीतल्या इतर गाड्यांकडंही ब्लेड घेऊन फिरायला सुरुवात केली. अप्पा म्हणाले, "सर, माझ्या मोपेडचा रंग काढू नका, विकायची हाय." सर त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "अप्पा, मी तुम्हाला जे शिकवलं ते विसरा." अप्पा म्हणाले, "विसरलो की सर." पण अप्पा विसरले नव्हते. आम्ही कुणीच विसरलो नव्हतो. शिकवलेलं काढून घेता येत नाही, हे मास्तर माणसाला आयुष्याच्या शेवटी कळावं यासारखी शिक्षा नाही. मी त्यांना दारात ब्लेड हातात घेऊन बसलेलं बघायचो आणि पुढं जायचो.

सर गेले ते झोपेत. काकूंनी त्यांचा जुना कोट दान द्यायला काढला तेव्हा खिशात ती सुपारी निघाली. काकूंनी ती तुळशीत टाकली. सून आली होती, दिवसांना. मुलगी पळत फिरत होती, सगळ्यांना वाकडी करंगळी दाखवत होती. सुनेनं स्कूटी पुसली, चालू होते का बघितली आणि लातूरला पाठवून दिली. गंजलेली जागा तशीच ठेवली. रंग मारून घेऊ का, असं नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, "राहू द्या. दिसू द्या."

आता मागच्या महिन्यात माझ्या लेकीच्या लेकराचं बारसं दारात मांडव घालून आमच्या घरी झालं. काकू आल्या, लातूरहून सूनही आली, पाय थोडा ओढत. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. ओटीचं ताट मधोमध होतं. मी ठरवून त्याच्याकडं बघत नव्हतो. अप्पा आता म्हातारे झालेत, पण शांत बसणं त्यांना अजून जमलेलं नाही.

"पोरी, बाळाचा गट कोणता गं?"

लेक म्हणाली, "ए पॉझिटिव्ह, काका."

मांडव तसाच गप्प झाला. तसाच. सून उठली, पाय ओढत ताटाशी आली, सुपारी उचलली आणि अप्पांच्या हातावर ठेवली. "खा, काका. तोंड चालू राहील, पण गप राहील."

सगळे हसले. अप्पाही हसले. मांडव पुन्हा बोलायला लागला. मीही हसलो. आणि हसता हसता मला कळलं, की माझा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरतोय. लेक ओ. जावई ए. रिकामी जागा, रिकामी जागा, बदाम. जुळलं. मला बरं वाटलं.

समोरून सून माझ्या अंगठ्याकडं बघत होती. मी हात खिशात घातला.